सुदान गेला, पण फातू अजून आहे

सुदान हा शेवटचा नर १९ मार्च २०१८ला केनियात गेला आणि उत्तरी पांढरा गेंडा संपला, असं एका लेखात म्हटलंय. संपला नाही हो! केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू आहेत. दोघी पिल्लू पोटात वाढवू शकत नाहीत. नाजिनचे मागचे पाय अधू, फातूच्या गर्भाशयात दोष. म्हणून फातूची स्त्रीबीजं काढतात. पूर्ण भूल देऊन गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालतात आणि लांब सुई आतड्याच्या भिंतीतून थेट बीजकोशात. बीजकोश मीटरभराहून खोल, शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या. सुई जरा सरकली तर जनावर दगावू शकतं. बीजं तातडीने विमानाने इटलीला नेतात, जुन्या गोठवलेल्या वीर्याने फलित करतात आणि भ्रूण उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात.

खरी अडचण पुढे आहे. हे भ्रूण दक्षिणी पांढरा गेंडा या जवळच्या उपजातीच्या मादीत रुजवायचे. दक्षिणी भ्रूणावर केलेल्या चाचणीत गर्भ राहिला, ७० दिवसांचा नर, ६.४ सेंटिमीटर! पण पावसात मातीतून वर आलेल्या जिवाणूंच्या संसर्गाने ती मादीच गेली. गर्भ वाढत होता, पद्धत चुकली नव्हती. गर्भकाळ १६ महिन्यांचा, आणि पिल्लाने उत्तरी गेंड्याचं वागणं शिकायला नाजिन-फातू जिवंत असायला हव्यात.