बटाटे जास्त शिजले तेव्हा मी झोपलो होतो

तीन तास एकवीस मिनिटं. एवढ्या वेळात माणूस बेळगावातनं बसनं कोल्हापूरला पोचतो आणि मिसळीवर दुसरा कट मागवतो. मी तेवढ्या वेळात एका बाईला घरकाम करताना बघितलं. तीही आमच्या घरातली नव्हे, ब्रुसेल्समधली.

सिनेमाचं नाव 'जान दिएलमान, २३ के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल'. नाव कसलं, पोस्टाचा पत्ताच. १९७५ साली हा पहिल्यांदा दाखवला तेव्हा दिग्दर्शिका शांताल आकेरमान २४ वर्षांची होती. 'साईट अँड साऊंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं, त्यात २०२२ साली हा जगातला सर्वोत्तम सिनेमा ठरला. बाईनं केलेला सिनेमा तिथं पहिला यायची ती पहिलीच वेळ. हे वाचलं आणि आपण पुरोगामी असल्याचं घरात सिद्ध करायची मला खुमखुमी आली. रविवारी दुपारी हाक मारली, "या गं, तुमच्यासाठी सिनेमा लावलाय." भांडी आवरून आई आणि बायको दोघी आल्या. (मी मदत केली असती, पण रिमोट सापडत नव्हता.)

भाषेची आईला फिकीर नाही, कन्नड मालिका ती अशाच निम्म्या अंदाजानं बघते. तरी मी माहिती पुरवली, की ब्रुसेल्समध्येही आपल्यासारख्याच दोन भाषा, रस्त्याच्या पाट्या फ्रेंच आणि डच दोन्हीत.

"मग मोर्चे निघत असतील की," आई म्हणाली आणि आपल्याच गल्लीत आल्यासारखी पाय वर घेऊन बसली.

बाई विधवा, पोरगा शाळेत जाणारा. ती अंथरूण काढते, बूट पुसते, कॉफी करते, भांडी घासते. भांडी आपल्याकडं पाठ करून घासते आणि आपण ती पाठ बघायची. कॅमेरा जागचा हलत नाही. तो तिपाईवर ठेवून छायाचित्रकार बाजारला गेली असावी असं मला वाटलं. खोलीतनं बाहेर पडताना बाई दरवेळी दिवा बंद करते. "शिस्तीची आहे," आई म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. बाथरूमचा दिवा चालू होता.

पहिल्याच दिवशी दुपारी एक गृहस्थ आला. आता अडचण अशी, की ही बाई दुपारी घरात काय व्यवसाय करते ते मी वाचलेलं होतं आणि शेजारी आई बसली होती. दार बंद झालं, उघडलं, गृहस्थानं पैसे दिले नि गेला. बाईनं ते सुपाच्या भांड्यात टाकले.

"पाव्हणा चहा बी न घेता आहेर देऊन गेला," आई म्हणाली. "आणि पैसे तांदळाच्या डब्यात ठेवायचे सोडून हे काय?"

बायको पदर तोंडाला लावून खोकत राहिली.

सिनेमातला दुसरा दिवस उजाडला आणि माझा डोळा लागला. उठलो तर खोलीत सुतक. दोघी पुढं सरकून बसलेल्या.

"काय झालं?"

"बटाटे जास्त शिजले," बायको म्हणाली.

"एवढंच?"

दोघींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मयताच्या घरात जेवणाची चौकशी केली असावी. बाई पातेलं घेऊन या खोलीतनं त्या खोलीत फिरली, मग खाली जाऊन नवे बटाटे आणून सोलायला बसली. आमच्या तालुक्यात बटाट्याची शेतं आहेत, पण इतका वेळ बटाटा सोलताना मी शेतकऱ्याच्या घरातही बघितलं नव्हतं.

"आज तिचं लक्ष लागंना," आई म्हणाली. "बघ की, सालीसंगं निम्मा बटाटा काढुलाली."

मला साल आणि बटाटा एवढंच दिसत होतं. त्या दोघींना मात्र पुढचं सगळं दिसत असावं. तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडली, मग अंगरख्याचं तुटलेलं बटण जुळेना, आणि बायको पुटपुटली, "आता काहीतरी होणार." मी म्हटलं, बटणानं काय होतंय? पुढं त्या दिवशीच्या पाव्हण्याला बाईनं कात्रीनं भोसकलं. मी दचकून चहा सांडला. त्या दोघी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

नंतर बाई अंधारात टेबलाशी बसून राहते. सातेक मिनिटं. नुसती.

"संपला काय गं?"

"बसू दे की तिला," आई म्हणाली. "आता हिंडलग्याच्या जेलात नेतील. तिथं आयतं ताट मिळतंय."

बायको काही बोलली नाही. तीही तशीच बसून होती, टीव्हीवरच्या बाईसारखी, हात मांडीवर ठेवून. मी हळूच उठलो. म्हटलं, आपल्या घरातली कात्री आजच्यापुरती कपाटावर टाकावी. सगळे ड्रॉवर उघडून बघितले. ती कुठं असते हे मला ठाऊकच नव्हतं.