अनुदान मिळालं म्हणजे संशोधन सुरू झालं, असं नसतं

गेले काही दिवस प्राध्यापकांच्या गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी खाली 'अगदी खरं' असंही लिहिलं होतं. थोडक्यात म्हणणं असं: वाढत्या विद्यापीठाने संशोधनावर पदरचा पैसा घालू नये. ज्याच्यात गुणवत्ता आहे तो बाहेरून अनुदान आणतोच. अनुदान आलं की विद्यापीठाची कमाईच होते. संशोधन साहाय्य कक्ष म्हणजे कारकुनांची खोगीरभरती. संशोधनाच्या नादात शिकवणं मागे पडतं. खर्च करायचाच तर पेटंट मिळवून देणाऱ्या विषयांवर करा, आणि तोही विद्यापीठ नीट मोठं झाल्यावर.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही. विद्यार्थी वाढत असतात, वर्ग अपुरे पडत असतात, अशा वेळी कुणीतरी 'आधी हे बघा' म्हणणारच. पण मी बरीच वर्षं प्रकल्प चालवले आहेत, हिशेबाच्या फाइली घेऊन टेबलं फिरलो आहे. हा मजकूर खरा मानून निर्णय झाले तर त्याची किंमत तरुण शिक्षक आणि संशोधक विद्यार्थी मोजतील, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

'गुणवत्ता असेल तर अनुदान मिळतंच.' कातालिन कारिको यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या एमआरएनए रेणूवर पुढे कोविडच्या लसी बेतल्या गेल्या, त्यावरच्या कामासाठी या शास्त्रज्ञ बाईंचे अर्ज पुन्हा पुन्हा नाकारले गेले आणि १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांना खालच्या पदावर आणलं गेलं. ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबरचा त्यांचा निर्णायक शोधनिबंध २००५ चा, नोबेल २०२३ चं. मधली वर्षं त्या टिकल्या ही त्यांची जिद्द. कुणाच्या जिद्दीच्या भरवशावर विद्यापीठाला धोरण आखता येत नाही, कारण जे टिकले नाहीत त्यांची नोंद कुठेच होत नाही.

नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अर्जांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अनुदान थोडक्यात मिळालं आणि ज्यांचं थोडक्यात हुकलं, अशा काठावरच्या दोन गटांची त्यात तुलना होती. दोघांच्या गुणांत फरक नसल्यातच जमा. तरी पुढच्या आठ वर्षांत पहिल्या गटाने दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त निधी मिळवला. हुकलेल्यांनी पुढे अर्ज करण्याचं प्रमाणही कमी झालं, हे मला त्यात सगळ्यात लागलं. वाढत्या विद्यापीठातला नवा शिक्षक तर कायमच काठावर असतो. पाठीशी नावाजलेली प्रयोगशाळा नाही, आणि अर्जात पहिली मागणी काय, तर प्राथमिक निष्कर्ष जोडा. ते निष्कर्ष मिळवायला लागणारा थोडासा पैसा कुठलीही बाहेरची संस्था सहसा देत नाही. बीजनिधी लागतो तो इथे, आणि तो विद्यापीठालाच द्यावा लागतो.

'अनुदान म्हणजे विद्यापीठाची कमाई.' हा मुद्दा सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण तो हिशेबासारखा दिसतो. ब्रिटनमधल्या संशोधन परिषदा प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाच्या साधारण ८० टक्के देतात. उरलेला भार विद्यापीठाच्या माथी. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन निधीच्या कार्यक्रमात वीज, जागा, प्रशासन अशा अप्रत्यक्ष खर्चापोटी थेट खर्चाच्या २५ टक्के सरसकट मिळतात, प्रत्यक्षात कितीही लागोत. अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेने फेब्रुवारी २०२५ मध्ये हा वाटा १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, तेव्हा विद्यापीठांच्या संघटना आणि अनेक राज्यं न्यायालयात गेली आणि न्यायालयाने तो निर्णय रोखला. अनुदानातून विद्यापीठाची कमाईच होत असती तर कुणी न्यायालयाची पायरी चढलं नसतं.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. एका विद्यापीठात मोठ्या प्रकल्पातून एक महागडं उपकरण आलं. अनुदानात उपकरणाचे पैसे होते, ते ठेवायच्या खोलीचे नव्हते. खोलीला स्थिर दाबाची वीज हवी, चोवीस तास वातानुकूलन हवं, जमिनीला कंपनं नकोत. बांधकाम विभाग म्हणाला, आमच्या तरतुदीत नाही. वित्त विभाग म्हणाला, प्रकल्पातून करा. प्रकल्पाच्या नियमांत बांधकामाला परवानगी नव्हती. खोकं व्हरांड्यात प्लास्टिकखाली उभं राहिलं आणि वॉरंटी त्या खोक्यातच संपली. पुढे ते जोडलं, तर दुसऱ्याच वर्षी त्याचा पंप गेला. तोवर प्रकल्पाचा कालावधी संपला होता, देखभाल करार कुणी केलाच नव्हता. त्या उपकरणाच्या भरवशावर पीएचडीचा विषय घेतलेली मुलगी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या संस्थेत नमुने घेऊन जायची, थर्माकोलच्या डब्यात, मांडीवर ठेवून. वार्षिक अहवालात मात्र ते अनुदान 'प्राप्त निधी' म्हणून ठळक छापलं होतं.

आता 'कारकुनांची खोगीरभरती'. पेनिसिलिन म्हटलं की फ्लेमिंग, फ्लोरी, चेन ही नावं येतात. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांच्या चमूत नॉर्मन हीटली नावाचे जैवरसायनशास्त्रज्ञ होते. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात तेव्हा रुग्णांच्या बेडपॅनमध्ये, दुधाच्या कॅनमध्ये त्यांनी ती वाढवली, मग सिरॅमिकची खास भांडी करून घेतली. द्रवातून पेनिसिलिन वेगळं काढायची युक्तीही त्यांचीच. १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला औषध दिलं, तो सुधारू लागला, आणि साठा संपल्यामुळे दगावला. औषधाची कल्पना खरी ठरली होती, माणूस गेला तो पुरवठ्याअभावी. १९४५ च्या नोबेलमध्ये हीटली नव्हते. ऑक्सफर्डने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये. संशोधनाला हात देणाऱ्या माणसाला 'बिगर-शैक्षणिक' म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साहाय्य कक्षातला चांगला माणूस काय करतो, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळतं. अर्जाची मुदत तीन महिने आधी कानावर घालतो. अंदाजपत्रकात देखभालीचा रकाना राहिला तर फोन करून विचारतो. खरेदीसाठी तीन कोटेशनं कशी मागवायची, नीतिमत्ता समितीची मंजुरी कधी घ्यायची, खर्चाचं प्रमाणपत्र कुठल्या नमुन्यात द्यायचं, हे त्याला तोंडपाठ असतं. तो नसेल तर हे काम संपत नाही. तेच काम रसायनशास्त्राचा प्राध्यापक करतो, जास्त वेळ घालवून आणि जास्त चुका करून. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या वैद्यकीय संशोधन अनुदानांसाठी ३,७२७ अर्ज झाले. ते लिहिण्यात संशोधकांची मिळून साडेपाचशे वर्षं गेली असा अंदाज काढला गेला, आणि मंजूर झाले ते जेमतेम एक पंचमांश. यातली काही वर्षं तरी वाचवता येतात. फक्त ती वाचवणारा माणूस नेमावा लागतो आणि त्याला दर सहा महिन्यांनी कंत्राट संपण्याची भीती दाखवून चालत नाही.

'शिकवणं मागे पडतं' यात मात्र तथ्य आहे, ते नाकारणार नाही. चांगला संशोधक आपोआप चांगला शिक्षक होतो ही समजूत पुराव्याला टिकत नाही. हॅटी आणि मार्श या शिक्षणसंशोधकांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दोहोंत जवळजवळ काहीच संबंध सापडला नाही. पण संशोधन केल्याने शिकवणं बिघडतं, असंही त्यातून निघत नाही. बिघडतं ते तासांची वाटणी न केल्याने. प्रकल्प मिळालेल्या शिक्षकाचे दोन तास कमी करून ते दुसऱ्याला द्यायचे तर तो दुसरा शिक्षक नेमायला पैसा लागतो. म्हणजे पुन्हा गाडी विद्यापीठाच्या पदरच्या निधीपाशीच येते.

पेटंटबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत कोणते जीव जगतात, एवढंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना साठच्या दशकात बघायचं होतं. तिथे सापडलेल्या जिवाणूचं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राचा कणा झालं, आणि कोविडची चाचणी त्याच तंत्रावर झाली. ब्रॉक यांच्या अर्जात पेटंटचा रकाना असता तर त्यांनी तिथे काय लिहिलं असतं? शिवाय तंत्रज्ञान हस्तांतरणातून, म्हणजे शोधांचे हक्क उद्योगांना देण्यातून, घसघशीत उत्पन्न मिळवणारी विद्यापीठं जगात मोजकीच. बहुतेकांचा हस्तांतरण कक्ष स्वतःचा खर्चही भागवत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, 'आधी मोठे व्हा'. विद्यापीठ वाढतं म्हणजे आत्ता, याच दोन-चार वर्षांत, मोठ्या संख्येने तरुण शिक्षक रुजू होतात. पीएचडी नुकतीच झालेली असते, प्रश्न ताजे असतात, हात सरावाचा असतो. पहिली तीन वर्षं त्यांना टेबल-खुर्ची आणि आठवड्याचे वीस तास एवढंच दिलं, तर चौथ्या वर्षी निधी आला तरी तो वापरणारे हात गेलेले असतात, दुसऱ्या संस्थेत किंवा घरी बसून उत्तरपत्रिका तपासण्यात. इमारत दहा वर्षांनी बांधता येते. माणसाची ही वर्षं साठवून ठेवता येत नाहीत.

हे उत्तर मी त्याच गटांवर टाकतो आहे आणि सोबत एक विनंती करतो आहे. प्रत्येकाने आपल्या विभागातली बंद पडलेली उपकरणं लिहून काढावीत: कुठल्या अनुदानातून आलं, कधी बंद पडलं, कुठला सुटा भाग किंवा कुठली सही अडली. माझ्या विभागाची यादी मी खाली जोडली आहे. सात उपकरणं आहेत, आणि त्यातली चार फक्त देखभाल करार नसल्यामुळे बंद आहेत.