जुना खलनायक परत आणा, पण त्याला काम द्या

(स्टार ट्रेक, स्टार वॉर्स, डॉक्टर हू आणि जुरासिकचे स्पॉइलर आहेत. पोस्ट लांब आहे.)

"सायन्स फिक्शनच्या जुन्या फ्रँचाइझी आता नुसत्या स्मरणरंजनावर जगतात" ही तक्रार दर नव्या ट्रेलरखाली दिसते. तक्रार खोटी नाही, फक्त तिचा नेम चुकतो. जुनं किती आणलं, हे मोजून काही हाती लागत नाही. स्टार ट्रेकचा सर्वांत नावाजलेला चित्रपट, १९८२ चा 'द रॅथ ऑफ खान', १९६७ च्या 'स्पेस सीड' या टीव्ही भागाचाच सरळसरळ पुढचा भाग आहे. निर्माता हार्व बेनेटने मूळ मालिकेचे सगळे ७९ भाग पाहून काढले आणि त्यातून हा खलनायक उचलला. दिग्दर्शक निकोलस मेयरने मात्र मालिका पाहिलेलीच नव्हती. एकाला सगळं माहीत, दुसऱ्याला काहीच नाही, ही जोडी फार उपयोगाची ठरली असं मला वाटतं.

चित्रपटात खान हा खलनायक एंटरप्राइझ जहाजावरच्या चेकॉव्हला चेहऱ्यावरून ओळखतो. आता 'स्पेस सीड' पहिल्या सीझनमधला आणि चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या सीझनमध्ये! कट्टर चाहते यावर आजही वाद घालतात. पण चित्रपटाचं काडीचंही बिघडत नाही, कारण त्याला लागणारा सगळा भूतकाळ तो स्वतःच सांगतो: जहाजाचा कप्तान कर्कने खानला एका ग्रहावर सोडलं, तो ग्रह उजाड झाला, खानची बायको तिथेच मेली. इकडे कर्कचा वाढदिवस आहे आणि जहाजाचा डॉक्टर मॅकॉयने त्याला भेट दिलाय चष्मा. कर्कला आपलं वय झालंय हे पचत नाही आणि नेमका तेव्हाच तरुणपणी घेतलेला एक निर्णय दारात उभा राहतो. जुना शत्रू इथे कथेचं इंजिन आहे.

आता २०१३ चा 'स्टार ट्रेक इनटू डार्कनेस' घ्या. तोच खान, आणि अणुभट्टीशेजारचा तोच मृत्यूचा प्रसंग, फक्त माणसं उलटवलेली: १९८२ मध्ये आत स्पॉक होता, आता काचेच्या आत कर्क, बाहेर त्याचा मित्र स्पॉक. मध्यावर खलनायक आपलं खरं नाव सांगतो. संगीत, क्लोजअप, सगळा थाट. पण या नव्या कालरेषेत, जिथे गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सुरू होते, कर्क आणि स्पॉक यांनी ते नाव आयुष्यात ऐकलेलं नाही! त्यांच्या लेखी तो जॉन हॅरिसन काय आणि खान काय, फरक शून्य. तो गौप्यस्फोट पात्रांसाठी नाहीच, थेट प्रेक्षकासाठी आहे. (आपल्याकडे 'माय नेम इज खान' हे वाक्य शाहरुखमुळे आधीच भलत्या अर्थाने ओळखीचं होतं, तो भाग वेगळा.) शेवटी स्पॉकला जुन्या कालरेषेतून आलेल्या म्हाताऱ्या स्पॉकला विचारावं लागतं की बाबा रे, हा खान कोण. पटकथेने स्वतःच दिलेली कबुली आहे ती. त्यानंतर कर्क मरतो आणि खानच्या रक्ताने थोड्याच वेळात पुन्हा जिवंत होतो. १९८२ मध्ये स्पॉक मेला, त्याला १९८४ च्या चित्रपटात परत आणलं खरं, पण त्याची किंमत म्हणून कर्कचा मुलगा गेला आणि एंटरप्राइझ जहाजही गेलं. २०१३ मध्ये बिल फाडलंच नाही.

म्हणून अशा प्रसंगाला मी दोन प्रश्न विचारतो. जुनी ओळख काढून टाकली तरी प्रसंग उभा राहतो का? आणि परत आणलेल्या गोष्टीमुळे आधीच्या एखाद्या कथेचा परिणाम पुसला जातो का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर प्रसंग फक्त पोकळ ठरतो. दुसऱ्याचं 'हो' आलं तर नुकसान मोठं, कारण आधी जमवलेली पुंजीच खर्ची पडते.

स्टार वॉर्समध्ये दोन्ही दिसतात. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म सुमारे ४ अब्ज डॉलरला घेतली. एवढे पैसे ओतल्यावर पहिला चित्रपट जपूनच येणार. २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स' १९७७ च्या पहिल्या चित्रपटाचा आराखडा जवळजवळ तसाच गिरवतो: रोबोटच्या पोटात गुपित, वाळवंटातलं बेवारस पोर, ग्रह उडवणारं शस्त्र आणि त्याची एक कमजोर जागा. त्याने २ अब्ज डॉलरच्या वर कमावले. प्रवेशद्वार म्हणून मी तो चालवून घेतो. २०१९ चा 'द राइज ऑफ स्कायवॉकर' मात्र माफ होत नाही. १९८३ मध्ये खलनायक वेडरने मुलाला वाचवण्यासाठी सम्राट पॅल्पटीनला खोल गर्तेत फेकलं आणि त्यात स्वतः जीव गमावला. सहा चित्रपटांची गोष्ट त्या एका कृतीवर येऊन थांबते. २०१९ मध्ये पॅल्पटीन परत आला 'कसाबसा', म्हणजे चित्रपटातलं पात्र खरोखर एवढंच म्हणतं. परतल्याची घोषणा करणारा त्याचा संदेश ऐकायचा तर प्रदर्शनाच्या काही दिवस आधी फोर्टनाइट हा गेम उघडायला हवा होता; चित्रपटात त्याचा नुसता उल्लेख आहे. म्हणजे वेडर मेला कशासाठी? या चित्रपटाची कमाई १ अब्जाच्या थोडी वर, पहिल्याच्या साधारण निम्मी. सगळा दोष पॅल्पटीनच्या माथी मारता येणार नाही, पण लोकांची असोशी ओसरली होती हे उघड आहे.

याच घरातली 'अँडोर' बघा. १९७७ च्या चित्रपटात बंडखोरांनी शस्त्राचे आराखडे चोरल्याचा उल्लेख होता. त्यावर २०१६ चा 'रोग वन' झाला, आणि त्याच्याही आधीची गोष्ट सांगायला २४ भागांची ही मालिका. कागदावर याहून जास्त परावलंबी काही असू शकत नाही. तरीही ती स्वतःच्या पायावर उभी आहे, कारण मालिकेचा कर्ता टोनी गिलरॉयने जुन्या कथेतल्या रिकाम्या जागा निवडल्या. बंडखोरांची नेता मॉन मॉथमा १९८३ मध्ये चार वाक्यं बोलून गेली होती. इथे तिला नवरा आहे, मुलगी आहे आणि बंडासाठी वळवलेल्या पैशांचा हिशोब जुळवताना उडणारी झोप आहे. भरलेली जागा पुन्हा भरण्यात आणि रिकामी जागा शोधण्यात हाच फरक.

आपण भारतीय प्रेक्षक या बाबतीत आयते परीक्षक आहोत. स्टार वॉर्सच्या आठवणी इथे फार कमी घरांत आहेत. 'द फोर्स अवेकन्स' इथे आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला लागला, कारण १८ तारखेला दोन मोठे हिंदी चित्रपट होते. जुन्या चित्रपटांचा नायक हान सोलो आपल्या जुन्या जहाजात पाऊल ठेवतो तेव्हा तिकडे परदेशात थिएटर गरजायचं. इथल्या बऱ्याच जणांना दिसलं की एक म्हातारा आणि एक केसाळ प्राणी दारातून आत आले. जुरासिकचं उलट. 'जुरासिक पार्क' १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन लागला आणि लहान गावांपर्यंत पोचला. २०१५ च्या 'जुरासिक वर्ल्ड'मधली टी-रेक्स ही १९९३ मधलीच आहे, आणि रॅप्टरशी झालेल्या झटापटीचे व्रण तिच्या मानेवर आहेत. त्याबद्दल कुणी अवाक्षर बोलत नाही. ज्याला कळेल त्याला कळेल, बाकीच्यांना नुसती मारामारीही पुरते. स्मरणरंजन असं करावं. याच चित्रपटात दोन पोरं जुन्या पार्कातली २९ नंबरची जीप चालू करतात ते मात्र हास्यास्पद आहे. बावीस वर्षं टाकीत पडलेलं पेट्रोल!

स्मरणरंजनाविषयीच काही म्हणायचं असेल तर १९९२ चा, स्टार ट्रेकच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतला 'रेलिक्स' हा भाग पाहा. कर्कच्या जहाजाचा म्हातारा इंजिनियर स्कॉटी नव्या काळात येऊन पडतो, होलोडेकवर (हवा तो आभासी देखावा उभा करणाऱ्या खोलीत) आपल्या जुन्या जहाजाचा ब्रिज, म्हणजे नियंत्रणकक्ष, उभा करवतो, नवा कप्तान पिकार्डबरोबर एक पेग घेतो आणि शेवटी स्वतःच तो देखावा बंद करायला सांगतो. पूर्ण सेट बांधणं परवडणारं नव्हतं, म्हणून एक तुकडाच उभारला आणि रिकाम्या ब्रिजचं दृश्य १९६७ च्या एका भागातून उचललं. 'पिकार्ड'च्या तिसऱ्या सीझनमध्ये, २०२३ मध्ये, 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या एंटरप्राइझ-डी जहाजाचा अख्खा ब्रिज पुन्हा बांधला. बघताना मजा आली, नाकारत नाही. पण त्याच मालिकेच्या पहिल्या सीझनचा शेवट डेटा या यंत्रमानवाने स्वतः मागितलेल्या मरणावर होता, आयुष्याला अर्थ येतो तो ते संपतं म्हणून. तीन वर्षांत डेटा पुन्हा हजर!

डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेने तर दोन्ही टोकं गाठली. जानेवारी १९८५ च्या 'अटॅक ऑफ द सायबरमेन'ला १९६६ आणि १९६७ च्या कथांचे धागे जोडलेले होते. त्यातल्या १९६७ च्या कथेच्या चित्रफिती तेव्हा बीबीसीकडेही नव्हत्या. त्या हाँगकाँगमध्ये सापडल्या १९९१ च्या अखेरीस. प्रेक्षकाने ठरवलं तरी संदर्भ तपासायची सोय नव्हती. २००५ मध्ये लेखक रसेल टी डेव्हिसने मालिका परत आणली ती दुकानात काम करणाऱ्या रोझच्या नजरेतून. पहिल्या भागात जुनेच प्लॅस्टिकचे पुतळे आहेत, पण त्यांचं 'ऑटन' हे नाव संवादात एकदाही येत नाही. डॉक्टरचा जुना शत्रू डालेक आला सहाव्या भागात, तोही एकटा.

आणि आता तोच डेव्हिस. १९६६ मध्ये डॉक्टरचं काम करणाऱ्या विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळल्यावर डॉक्टरचा चेहरा बदलण्याची युक्ती काढली गेली. नवा माणूस, नवा स्वभाव, मालिका पुढे. २०२२ मध्ये त्याच युक्तीने जुना डॉक्टर डेव्हिड टेनंट परत आला, आणि ३१ मे २०२५ ला न्कुटी गटवाचा डॉक्टर बदलला तो रोझचं काम केलेल्या बिली पायपरच्या चेहऱ्यात. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण त्यापुढे 'डॉक्टरच्या भूमिकेत' हे शब्द नव्हते. चेहरा आधी ठरला, त्याला काम काय हे नंतर बघू, असाच त्याचा अर्थ मी तरी घेतला.