ऑक्टोबरचा रिफंडचा अंदाज एप्रिलमध्ये का चुकला: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

आमच्या टॅक्स ऑफिसबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि तुमची फाइल पुन्हा काढून बसले. तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही कॅनडाच्या इन्कम टॅक्सचा साधारण १,२०० डॉलर रिफंड येईल असं सांगितलं होतं, आणि एप्रिलमध्ये रिटर्न करताना उलट ९०० डॉलर भरायला लावले. "अकरा महिने कॅलगरीत राहून कमावलं, मग पूर्ण वर्षाचा टॅक्स ऑन्टारिओचा कसा? यांना कामच येत नाही," असंही तुमचं म्हणणं आहे. रिटर्न बरोबर आहे. तरीही चूक आमच्याकडून झाली आहे, आणि ती मला रिटर्नपेक्षा जास्त लागली. दोन्ही सांगते.

क्यूबेक सोडलं तर कॅनडात प्रांताचा इन्कम टॅक्स फेडरल रिटर्नमध्येच भरला जातो. ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांताचे रहिवासी, त्या प्रांताचे दर तुमच्या पूर्ण वर्षाच्या पगाराला लागतात. महिन्यांच्या हिशेबाने वाटणी होत नाही. (दोन प्रांतांत पेढ्या असलेल्या धंद्याचं उत्पन्न वाटता येतं, पगार नाही.) कंपनीने मात्र नोव्हेंबरपर्यंत अल्बर्टाच्या, म्हणजे कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्याच्या, हिशेबाने टॅक्स कापला होता, म्हणून तो कमी पडला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सहकुटुंब ऑन्टारिओतल्या मिसिसागाला आलात, कॅलगरीचं घर सोडलं, हे रिव्ह्यूत तुम्हीच लिहिलंय. कुटुंब तिकडेच ठेवून तुम्ही एकटे काही दिवसांसाठी आला असता, तर वेगळा विचार करावा लागला असता. रिटर्नवर कॅलगरीचाच पत्ता ठेवा असं तुम्ही सुचवलं होतं, त्याला मी तेव्हाही नाही म्हटलं आणि आजही म्हणेन.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे खटकतं, ते मला समजतं. तिकडे प्राप्तिकर केंद्राचा. राज्याचा म्हणून पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पुण्याची नोकरी सोडून बंगळूरला गेलं तरी प्राप्तिकराचे दर तेच राहतात. इथे घर बदललं की दरच बदलतात.

तुमचे आकडे मी इथे लिहिणार नाही. उदाहरणासाठी २०२४ चं १,४०,००० डॉलर करपात्र उत्पन्न घेऊ, आणि सवलती फक्त सगळ्या नोकरदारांना मिळतात तेवढ्या: बेसिक रक्कम (सगळ्यांना करमुक्त असलेला पहिला भाग), सीपीपी (सरकारी पेन्शनचा हप्ता), ईआय (बेरोजगारी विम्याचा हप्ता). अल्बर्टात त्या वर्षी १,४८,२६९ पर्यंत सरसकट १० टक्के, आणि पहिल्या २१,८८५ डॉलरवर काही नाही. टॅक्स होतो सुमारे ११,३८५. ऑन्टारिओचा दर ५.०५ टक्क्यांपासून सुरू होतो, पुढे ९.१५, मग ११.१६. बेसिक रक्कम मात्र फक्त १२,३९९. तरीही आकडा येतो १०,६०५, म्हणजे अल्बर्टापेक्षा कमीच. बरेच जण हिशेब इथेच थांबवतात. पण त्यावर सर्टॅक्स बसतो, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स. २०२४ मध्ये प्रांताचा टॅक्स ५,५५४ च्या वर गेला की वरच्या रकमेवर २० टक्के, आणि ७,१०८ च्या वर गेला की त्या वरच्या भागावर आणखी ३६ टक्के. ते झाले २,२६९. शिवाय ऑन्टारिओ हेल्थ प्रीमियमचे, म्हणजे प्रांत टॅक्ससोबतच घेतो त्या आरोग्य आकाराचे, ७५०. एकूण १३,६२४, म्हणजे अल्बर्टापेक्षा सुमारे २,२४० जास्त. तुमच्या अंदाजात आणि रिटर्नमध्ये जो फरक पडला, तो असा.

तुमच्या मित्राने सांगितलं की अल्बर्टा नेहमीच स्वस्त. तसंही नाही. २०२४ च्याच दरांनी, याच पद्धतीने ९५,००० डॉलरवर हिशेब केला तर ऑन्टारिओत साडेतीनशे डॉलर कमी लागत होते.

आता आमची चूक. ऑक्टोबरच्या फॉर्मवर आम्ही "सध्या कुठे राहता" एवढंच विचारलं होतं. ३१ डिसेंबरला कुठे असाल, हे विचारलंच नाही. पुढे नोव्हेंबरच्या शेवटी तुम्ही नवा पत्ता कळवलात आणि तो आम्ही नुसता टपालासाठी बदलून ठेवला. त्याच दिवशी अंदाज नव्याने काढून तुम्हाला फोन करायला हवा होता. तो केला असता तर तुमच्या हातात तीन महिने होते. २०२४ साठी आरआरएसपीत (निवृत्तीसाठीचं बचत खातं; त्यात टाकलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते) पैसे टाकायची मुदत ३ मार्च २०२५ पर्यंत होती आणि तुमची त्यात टाकायची मर्यादा अजून शिल्लक होती. वरच्या उदाहरणातल्या माणसाने ५,००० डॉलर टाकले असते, तर फेडरल आणि प्रांत मिळून त्याचा टॅक्स जवळजवळ २,१७० ने कमी झाला असता. तुम्ही एप्रिलमध्ये आलात तेव्हा ती वाट बंद झाली होती. ही संधी आमच्यामुळे गेली आणि त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते.

अंदाज काढून देण्याची फी आज तुम्हाला परत पाठवली आहे. आमच्या फॉर्मवर आता ३१ डिसेंबरचा प्रश्न सगळ्यात वर आहे, आणि पत्ता बदलला की अंदाज पुन्हा निघतो.

एक गोष्ट अजून हातात आहे. नोकरीसाठी घर हलवलं आणि ते नव्या कामाच्या ठिकाणाला किमान ४० किलोमीटरने जवळ आलं, तर त्याचा खर्च वजा करता येतो. कॅलगरीहून आलेल्याला अंतराची अडचणच नाही. ही वजावट नव्या ठिकाणच्या कमाईतूनच मिळते, म्हणून २०२४ मध्ये ती तुमच्या डिसेंबरच्या पगारापुरतीच बसेल. उरलेला खर्च २०२५ च्या रिटर्नमध्ये घेता येईल. कंपनीने भरून दिलेला खर्च यात धरता येत नाही. ट्रकची पावती, विमानाची तिकिटं, घर मिळेपर्यंत हॉटेलात राहिलात त्याची बिलं, कॅलगरीचं भाड्याचं घर मुदतीआधी सोडताना काही भरावं लागलं असेल तर तो कागद, असं सगळं घेऊन या. २०२४ च्या रिटर्नची दुरुस्ती मी स्वतः करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. शनिवारी दहापासून मी ऑफिसात आहे.