जंगलात जाताना सगळं घर बरोबर न्या

वर्षावन बघायला निघालाय ना? मग पहिलं काम म्हणजे लॉजवाल्यांनी पाठवलेली सामानाची यादी अजिबात उघडू नका. तिच्यात काय असतं ते मी सांगते. मऊ कापडाची एकच बॅग आणा, वजन बारा किलोच्या आत ठेवा, कारण शेवटचा टप्पा लहान होडीचा आहे. असले नियम इतरांसाठी असतात. तुम्ही माळ्यावरची कडक कवचाची, चार चाकांची, सगळ्यांत मोठी बॅग काढा. विमानतळाच्या फरशीवर ती एका बोटाने ढकलता येते, म्हणजे घोटाभर चिखलातही ती तशीच धावणार. नाही धावली तर लॉजचा माणूस आहेच. तो ती डोक्यावर घेईल, ओल्या फळीवरून तोल सावरत होडीत चढवेल. तुम्ही मागून 'जरा सांभाळून हं' एवढं म्हणत राहा. तेवढीच त्याला मदत.

कपड्यांत जीन्स हवीच. उष्ण कटिबंधातल्या रेनफॉरेस्टमध्ये वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा रात्रंदिवस दमट असते आणि एकदा भिजलेली जीन्स तिथे वाळतच नाही. पहिल्या दिवशी भिजली की परतीच्या दिवशी ती तितकीच ओली, शिवाय वास, शिवाय वजन दुप्पट. पातळ, झटकन वाळणाऱ्या कापडाच्या पँटी आणि पूर्ण बाह्यांचे सैल शर्ट घालणारे लोक फोटोत कसे दिसतात ते तुम्ही पाहिलंच असेल. रंग भडक निवडा. हिरव्यावर लाल काय उठून दिसतो! पक्ष्यांची रंगांची नजर आपल्यापेक्षाही तीक्ष्ण असते, तेव्हा तुम्ही येताय हे त्यांनाही वेळेत कळेल आणि निघून जाता येईल.

अत्तर विसरू नका. बंद होडीत विशेष उपयोगी.

छत्रीही घ्या. अरुंद पायवाटेवर मागच्याच्या डोळ्यात काडी घालायला तिच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही.

डासांचं औषध मात्र विकत घ्यायचं नसतं, मागायचं असतं. "तुमच्याकडे आहे का हो ते, आमचं नेमकं राहिलं" हे वाक्य पाठ करून ठेवा आणि रोज सकाळी एका वेगळ्या माणसावर वापरा. किंवा लावूच नका, कारण डास काय संध्याकाळीच येतात, हो ना? डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसाढवळ्या चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी तर जास्तच, ही त्याची चूक. जे लोक 20 ते 30 टक्के डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध स्वतःच्या पैशाने आणतात, आधी सनस्क्रीन लावून मग त्यावर ते लावतात, त्यांना सहलीची मजा कळलेली नाही. तुम्ही त्यांची बाटली उचला आणि भरपूर फवारा: घड्याळाच्या पट्ट्यावर, गॉगलवर, शेजाऱ्याच्या दुर्बिणीवर. डीटने प्लॅस्टिक विरघळतं. माझ्या दुर्बिणीच्या रबरावर आता चार बोटांचे ठसे आहेत, कायमचे. ती बोटं माझी नाहीत.

सनस्क्रीन कुठलीही चालते, डबीमागचं बारीक अक्षर वाचायला तुम्हाला वेळ कुठला? पलाऊ या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने 1 जानेवारी 2020 पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि आणखी काही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर, समुद्रातल्या प्रवाळांना अपाय नको म्हणून, बंदी घातली. हवाईमध्ये यातल्या पहिल्या दोन रसायनांच्या सनस्क्रीन 2021 पासून दुकानात विकता येत नाहीत. या लोकांना दुसरे उद्योग नसावेत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर निम्मी सनस्क्रीन लागतच नाही, पण मग टॅन कसा येणार?

जळवांसाठी काहीच नेऊ नका. बोर्निओत लोक घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे खास मोजे घालतात आणि पँट त्यात खोचतात. किती गबाळं दिसतं ते! त्यापेक्षा जळू लागल्यावर किंचाळणं बरं, म्हणजे आसपास काही दिसायची शक्यता असेल तर तीही संपते. मग कुणीतरी लायटर काढतो, कुणी मीठ शोधतो, आणि जळू चावलेल्या जागी पोटातलं ओकून मोकळी होते. नुसतं नख तिच्या तोंडाशी सरकवलं की सुटते, पण यात नाट्य नाही.

कॅमेरा घेतलात? उत्तम. रात्रभर एसीच्या खोलीत ठेवा, पहाटे थेट बाहेर काढा आणि काचेवर जमलेलं धुकं शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसा. तो आधी बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या उष्णतेला सरावू द्यायचा असतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या असतात, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते, हे सगळं घरी आल्यावर दुरुस्तीवाला सांगेलच. फ्लॅश चालूच राहू द्या. जंगलाच्या तळाशी सूर्यप्रकाशाचा जेमतेम दोन टक्के भाग पोचतो, तेव्हा झोपलेल्या पक्ष्याच्या डोळ्यात तुम्ही थोडा उजेड घातलात तर काय बिघडलं? कोस्टा रिकात तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात तेव्हा रात्री तिथे कॅमेरा नाही, मोबाइल नाही, टॉर्च वाटाड्याकडेच, आणि पाहुण्यांनी कपडेसुद्धा गडद घालायचे. उजेडाने मादी बिचकून अंडी न घालताच परत फिरू शकते, पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. तरी प्रत्येक गटात एक असतोच. 'फक्त एक फोटो.'

ब्लूटूथ स्पीकर. यावर मी काही लिहिणार नाही, माझं ब्लड प्रेशर तपासून घ्यायचंय.

आता सगळ्यांत महत्त्वाची वस्तू: हेअर ड्रायर. हसू नका. आमच्या गटात एक गृहस्थ होते. पायात पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. जंगलात पांढरे बूट का, असं कुणी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नसतो. पहिल्याच फेरीत त्यांचा रंग गेला. संध्याकाळी साहेबांनी बूट धुतले आणि बॅगेतून हेअर ड्रायर काढला. त्याच बॅगेतून, जी एका माणसाने डोक्यावरून आणली होती. आत इस्त्री होती, पाणी तापवायची किटली होती, आणि हा.

लॉज सौरऊर्जेवर चालणारा. ढगांतून दिवसभरात जेवढं ऊन मिळेल तेवढं बॅटरीत साठणार आणि त्यावर रात्र काढायची. खोलीत एक दिवा, एक पंखा, बाहेर स्वयंपाकघरातला फ्रिज आणि नदीपलीकडे बोलायचा वायरलेस सेट, बस्स. प्रत्येक खोलीत दाराशेजारी पाटी होती. भाषा न कळणाऱ्यालाही कळावं म्हणून त्यावर चित्रं काढलेली: ड्रायर, इस्त्री, किटली, तिन्हींवर लाल फुली. या गृहस्थांनी त्या पाटीच्या खिळ्याला टोपी अडकवली होती.

ड्रायर 1800 वॅटचा. एलईडी दिवा 9 वॅटचा. म्हणजे दोनशे दिव्यांची वीज एका बुटात! अख्खा लॉज काळोखात. पंखे थांबले. पंखा थांबल्यावर मच्छरदाणीच्या आत काय होतं, ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. लॉजवर कामाला असलेला मुलगा टॉर्च घेऊन पावसात धावत आला, त्याने इन्व्हर्टर पुन्हा चालू केला, दिवे आले, आम्ही हुश्श केलं, आणि दहा मिनिटांत पुन्हा अंधार. कारण बूट दोन असतात! त्या मुलाने प्रत्येक खोलीच्या दारावर जाऊन अदबीने विचारलं, कुणी काही लावलंय का? साहेब म्हणाले, छे! हातात बूट. तिसऱ्या वेळी इन्व्हर्टर उठलाच नाही. रात्रभर आम्ही सगळे घामात लोळत होतो, आणि सकाळी हे महाशय चहाच्या टेबलावर म्हणतात, "यांचं वायरिंग जुनं आहे." वर त्या मुलालाच ऐकवलं, एवढे पैसे घेता मग जनरेटर का ठेवत नाही. तो मुलगा खाली बघत उभा, डोळे लाल, रात्रभर बॅटऱ्यांशी झटलेला. फ्रिजमधलं अन्न टाकून द्यावं लागलं होतं. ते सामान आठवड्यातून एकदा येणाऱ्या होडीतून येतं. आणि बूट? बूट ओलेच होते. वर कापडाला पिवळे चट्टे आणि एका बुटाचा तळ सुटलेला.

निघताना अभिप्रायाच्या वहीत त्यांनी लिहिलं, 'प्राणी कमी, किडे फार.'

बास. मला आता उपरोध जमत नाही. सरळच सांगते.

बूट धुवायचेच असतात, पण घरून निघण्याआधी आणि जंगलातून परतल्यावर, फोटोसाठी नव्हे. कायट्रिड नावाची एक बुरशी आहे, बेडकांच्या कातडीला लागते. 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे जगभरातल्या उभयचरांच्या 501 जातींमधले प्राणी कमी झाले, त्यातल्या 90 बहुधा कायमच्या गेल्या. ती पाण्यातून आणि ओल्या मातीतून पसरते, आणि बुटाला चिकटलेला ओला चिखल तिला एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात पोचवू शकतो. म्हणून खाचांतली माती ब्रशने काढायची आणि बूट पूर्ण वाळू द्यायचे. गॅलापागोसला जाताना बॅगेत बिया, माती, फळं आहेत का हे तपासतात, तेव्हा लोक तोंडं वाकडी करतात. का? तुमचा वेळ जातो म्हणून? त्या बेटांवर एक परकं बी रुजलं तर निस्तरायला पिढ्या लागतात. तुम्हाला पाच मिनिटं रांगेत उभं राहवत नाही?

लाज वाटायला हवी आपल्याला. पाटीवर चित्र काढून सांगितलं तरी कळत नाही म्हणजे काय? कळत असतं. आपल्याला लागू नाही असं वाटत असतं. पैसे भरलेत ना! पैसे खोलीचे भरलेत. दुसऱ्याची झोप, त्या मुलाची रात्र आणि बॅग उचलणाऱ्याची मान त्यात येत नाही. वीस किलोचं लोढणं स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्या फळीवरून एकदा चालून दाखवा, मग काय न्यायचं ते माझ्याकडून शिकावं लागणार नाही. दोन जोड कपडे पुरतात. एक अंगावर, एक कोरडा, आणि कोरडा तो बंद पिशवीत. औषधं, टॉर्च, पाण्याची बाटली, डासांचं औषध, स्वतःचं! रिकाम्या बाटल्या, ओले वाइप्स, संपलेले सेल परत आणायचे. तिथे कचरागाडी येत नाही, तुम्ही टाकलेला सेल तिथल्याच मातीत जातो. आणि होडीवाल्याच्या हातात निघताना पैसे ठेवा. लॉजवाले देत असतील, असं पुटपुटत खिसे चाचपू नका.