बावन्नच्या आधीची मनीऑर्डर

पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) बंगाली राष्ट्रवादावरचा तुमचा लेख आवडला, पण त्या राष्ट्रवादाची सुरुवात थेट 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात बंगाली भाषेसाठी आंदोलन करणाऱ्यांवर झालेल्या गोळीबारापासून धरलीत, ते काही पटलं नाही. ठिणगी चार वर्षं आधीच पडली होती. फेब्रुवारी 1948 मध्ये कराचीत, पाकिस्तानच्या संविधान सभेत, पूर्व बंगालमधल्या कुमिल्ल्याचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त उभे राहिले आणि सभेच्या कामकाजात उर्दू-इंग्रजीसोबत बंगालीही चालावी, अशी सूचना त्यांनी मांडली. हिशेब साधा होता: 6 कोटी 90 लाख लोकांपैकी 4 कोटी 40 लाखांची भाषा बंगाली. पण मला लक्षात राहिलं ते त्यांनी दिलेलं मनीऑर्डरचं उदाहरण. ढाक्यात शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवायला शेतकरी पोस्टात जातो, तर फॉर्म उर्दूत! मग तो वाचून घ्यायला लांबच्या शहरात धावाधाव. (भाषेचा प्रश्न म्हणजे नुसता कवींचा विषय, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.) सभेनं सूचना फेटाळली. महिन्याभरात जीनांनी ढाक्यात येऊन राष्ट्रभाषा उर्दूच असेल असं बजावलं, आणि धर्मावर उभ्या केलेल्या देशाला भाषेची चीर गेली.

दत्तांना मार्च 1971 मध्ये पाकिस्तानी लष्करानं घरातून उचलून नेलं आणि ठार केलं. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. तुमच्या लेखात त्यांचं नावसुद्धा नाही.