हल्ली काय वाचताय?

माणसाला पगार विचारू नये, वय विचारू नये एवढं आपल्याकडे आता बऱ्यापैकी ठरलंय, म्हणजे विचारतात, पण निदान आवाज खाली घेऊन विचारतात. "मग, हल्ली काय वाचताय?" हा प्रश्न मात्र भर लग्नात, जेवणाच्या रांगेत, एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हाताने पदर सावरताना कोणीही कोणालाही खुशाल विचारू शकतं. आणि विचारणारा नुसतं विचारून थांबत नाही हो, तो उत्तराची वाट बघत उभा राहतो!

त्यात काहीही सांगितलं तरी चुकतंच. 'मृत्युंजय' म्हणा, लगेच "आत्ता?" १९६७ सालचं पुस्तक ते, समोरच्याने नववीच्या सुट्टीत वाचून संपवलेलं असतं, त्यामुळे पंचेचाळिशीत पोलिओचा डोस घ्यायला आलेल्या बाईकडे बघावं तसं तो आपल्याकडे बघतो. 'कोसला' म्हणा, तर ती डोक्यावर घेणाऱ्यांचा एक पक्ष आणि अर्ध्यात सोडणाऱ्यांचा दुसरा, हे १९६३ पासून चालू आहे आणि आपण कुठल्या पक्षात ते मसालेभातापर्यंत पोचायच्या आत जाहीर करावं लागतं. इंग्रजी पुस्तकाचं नाव घेतलं की "मराठी सुटलं वाटतं", मराठीचं घेतलं की "मराठीत आता लिहितंय कोण", अनुवादाचं घेतलं की "छे छे, मूळ वाचा मूळ", आणि मूळ जपानी असतं. रहस्यकथा म्हटलं तर "अच्छा, टाइमपास." आणि काहीच वाचत नाहीये असं खरं खरं सांगून टाकलं तर रात्री सासूबाईंना फोन, सूनबाईंचं काही बिनसलंय का म्हणून.

हे कमी होतं म्हणून आमच्या सोसायटीत वाचनकट्टा सुरू झाला. डोंबिवलीत राहायचं म्हणजे कुठल्या ना कुठल्या कट्ट्यावर जावंच लागतं, ते मेंटेनन्ससारखं आहे... पण हा थेट बिल्डिंगमध्येच आला, आता पळून जाणार कुठे. १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांचा वाढदिवस आणि वाचन प्रेरणा दिन असा मुहूर्त धरून, सोसायटीच्या ऑफिसात पाण्याच्या पंपाच्या वेळापत्रकाखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून उद्घाटन झालं. सेक्रेटरींनी भाषण तयार करून आणलं होतं. पुण्यात १८४८ साली पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय, मुंबईत १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय "आणि आज आपल्या ए विंगच्या तळमजल्यावर..." असं म्हणून ते थोडा वेळ थांबले, टाळ्यांसाठी. टाळ्या झाल्या पण, कारण मागे बटाटेवडे आले होते.

सेक्रेटरींची स्वप्नं मोठी. पाचगणीजवळचं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, तिथे घराघरात, लॉजमध्ये विषय वाटून पुस्तकं ठेवलीयत, मग आपण पुस्तकांची सोसायटी का नाही, एकेका मजल्याला एकेक विषय देऊ. यावर पुढचा पाऊण तास भांडण. पहिल्या मजल्याला संतसाहित्य आलं तर त्यांचं म्हणणं आमच्याकडे नॉनव्हेज होतं, आम्हाला ते नको. चौथ्या मजल्याला 'ऐतिहासिक' मिळालं म्हणून तिसऱ्यावाल्यांना राग, आणि आमच्या मजल्याला 'विनोदी' दिलं ते कोणी कशावरून ठरवलं हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "भिलारला गेलं तर स्ट्रॉबेरी तरी मिळते", आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला. तो अजून पुढच्याच मीटिंगवर आहे.

राहिलं ते फक्त कट्ट्याचं मुख्य कलम: दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने तीन मिनिटं 'मी सध्या वाचत असलेलं पुस्तक' यावर बोलायचं.

बी विंगमधल्या काकूंनी पहिल्याच खेपेला हुकमाचा एक्का टाकला. "मी ज्ञानेश्वरी वाचतेय." झालं, आता यावर कोण काय बोलणार. आवडली का असं विचारता येत नाही, शेवट कसा आहे विचारता येत नाही, तीन मिनिटं पण लागत नाहीत, सगळे नुसते हात जोडतात आणि पुढच्याचा नंबर. दोनेक महिने हे छान चाललं. मग एक दिवस आमच्याकडच्या निवृत्त मुख्याध्यापक सरांनी चष्मा पुसत विचारलंच, "कितवा अध्याय चालू आहे?" काकू जरासुद्धा डगमगल्या नाहीत. "पहिलाच. घाई काय आहे?" तसं बघायला गेलं तर त्यात काकूंचं काय चुकलं, 'ॐ नमोजी आद्या' आपल्या सगळ्यांना येतं आणि शेवटचं पसायदान शाळेतच पाठ झालेलं असतं, मधल्या नऊ हजारच्या आसपास ओव्यांचं तेवढं राहिलंय.

सातव्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा आला तो कानात यंत्र घालूनच. तो महिन्याला आठ पुस्तकं 'करतो'. जिमला जाताना ऐकतो, तेही दुप्पट स्पीडने. "ऐकलं म्हणजे वाचलं का?" असं काकांनी विचारलं आणि पेटलं. मला आधी वाटलं होतं काका बरोबर आहेत, पण पोराने जे उत्तर दिलं त्याने मीच गार पडले. म्हणाला, तुमच्या आजीने रामायण वाचलं होतं की कीर्तनात ऐकलं होतं? काका गप्प. वर म्हणाला 'श्यामची आई' उघडून बघा, त्यात प्रकरणं नाहीत, रात्र पहिली, रात्र दुसरी असंय, म्हणजे श्याम सांगतोय आणि बाकीचे ऐकतायत, ऑडिओबुकच की ते. सर एकदम खूश, विद्यार्थी सापडल्यासारखे उठून उभे राहिले आणि म्हणाले, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहून काढलं बरं का ते. त्यावर सगळ्यांच्या नजरा नकळत काकांकडे वळल्या, कारण काका उद्घाटनापासून एकच 'पानिपत' घेऊन येतायत, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं, आणि त्यातली खूण अजून अब्दाली यायच्या आधीच आहे.

मला खरं म्हणजे हसू आलं नाही, कारण माझीही खूण कुठे हलत होती. माझं वाचन हे असं ठिकाणावार असतं. उशाशी एक जाडं पुस्तक, ते झोपेसाठी, त्याचं एक पान म्हणजे आठ तास. लायब्ररीचं एक, ते मुदत संपल्याचा फोन आला की त्या रात्री धडाधड वाचायचं. आणि लोकलसाठी पर्समध्ये एक, ते बारीकच लागतं, कारण सकाळी लेडीज सेकंड क्लासमध्ये एक हात वरच्या कडीला, पर्स पोटाशी, आणि उरलेल्या हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं, तिथे 'बनगरवाडी' चालते, नेमाड्यांची 'हिंदू' चालत नाही, साहित्यिक मतभेद वगैरे काही नाही हो यात, मनगटाचा प्रश्न आहे.

आणि घरात? आमच्या सासूबाई कालनिर्णयची मागची पानं वाचतात. १९७३ पासून ते कॅलेंडर निघतंय आणि माझी खात्री आहे की त्यांनी एकही मागचं पान सोडलेलं नाही. खिळ्यावरून कॅलेंडर न काढता, पान वर उचलून धरून, मान वाकडी करून, आधी पाककृती मग लेख. नवरा पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचतो, घर घ्यायचं नाहीये, गाडी घ्यायची नाहीये, तरी रोज मन लावून वाचतो आणि अधूनमधून "बदलापूरला काय भाव झालाय बघ" असं मला मोठ्याने वाचून दाखवतो. मी स्वतः भेळेचा कागद भेळ संपल्यावर उलगडून वाचते आणि बातमी नेमकी अर्ध्यात फाटलेली असते, त्या उरलेल्या अर्ध्या बातम्यांचा मला जेवढा घोर लागतो तेवढा कुठल्या कादंबरीचा लागला नसेल. आता हे कट्ट्यावर कोणी सांगतं का? तिथे प्रत्येकजण घरातलं सगळ्यात भारी पुस्तक धूळ पुसून घेऊन येतो.

लोकलमध्ये कसं, असलं काही नसतं. मध्यंतरी 'रणांगण' वाचत होते, विश्राम बेडेकरांचं, १९३९ सालचं, युरोपातून हिंदुस्थानकडे यायला निघालेल्या बोटीवरची गोष्ट आहे, आणि मुख्य म्हणजे बारीक आहे. शेजारी उभी असलेली बाई माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचत होती म्हणजे काय, मी पान उलटायला गेले तर "एक मिनिट" म्हणाली! मी थांबले. मग मला कळलं की ती माझ्यापेक्षा हळू वाचते, म्हणून मी ठाण्यापासून पुढे पान संपलं की खिडकीबाहेर बघायचे आणि तिने मान हलवली की उलटायचे. घाटकोपरला ती मेट्रोसाठी उतरून गेली. पुढच्या आठवड्यात त्याच डब्यात दिसली तर लांबूनच, मधे तीन बायका आणि एक गजऱ्यांची टोपली, तरी ओरडून विचारते, "अहो, त्या हेर्टाचं पुढे काय झालं?" पुस्तकाचं नाव विचारलं नाही, लेखक विचारला नाही, मी कुठल्या पक्षातली हे तर अजिबातच नाही. काय झालं ते गाडीत ओरडून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी ते पुस्तकच हातोहात तिच्याकडे पोचवलं. अजून आलेलं नाही. (लायब्ररीचं नव्हतं, माझंच होतं, म्हणून एवढा दिलदारपणा.)

तसेच ते लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिणारे. नियमाने ते वाईटच, पण माझा त्यांच्यावर फार जीव आहे. एका कादंबरीत समासात बारीक अक्षरात होतं, "इथून पुढे कंटाळा." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "मग सोडा ना." त्याखाली तिसरं, वळणदार, "मी सोडली नाही. पान २१० नंतर बरी आहे." आणि या सगळ्याच्या खाली ठळक निळ्या बॉलपेनने, "सार्वजनिक पुस्तकात लिहू नये!!" ज्याने हे लिहिलं त्याचाही मी आदर करते. पण रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पात्राच्या नावाखाली रेघ मारून "हाच" असं लिहिणाऱ्याला मात्र माफी नाही.

तर मे महिन्याचा रविवार आला आणि माझा नंबर आला. नेहमी मी वडे आणायला किंवा चहाचं बघायला उठते आणि माझी तीन मिनिटं आपोआप निघून जातात, पण त्या दिवशी वडे आधीच वाटून झाले होते. उशाशीच्या जाड्या पुस्तकाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, उन्हाने असेल, खरंच बाहेर पडलं. म्हटलं, "मी सध्या दिवाळी अंक वाचतेय."

"मे मध्ये?" सेक्रेटरी.

आता सुरुवात झालीच होती तर म्हटलं होऊन जाऊ दे. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण अंक दिवाळीतच काढतो, पण लायब्ररीच्या योजनेत पैसे भरले की चांगले अंक आपल्यापर्यंत यायला होळी उजाडते, मग मे मध्ये नाही वाचणार तर कधी. आणि अंक हातात आला की मी कथा, परिसंवाद वगैरे नंतर बघते, आधी मागचं वार्षिक राशिभविष्य वाचते. मे मध्ये वाचायचा मोठा फायदा म्हणजे निम्मं वर्ष होऊन गेलेलं असतं, त्यामुळे खरं-खोटं तिथल्या तिथे तपासता येतं. माझं फेब्रुवारीत परदेशगमन होतं, मी फेब्रुवारीत अंबरनाथला गेले होते नणंदेकडे.

खोलीत शांतता. पंखा तेवढा करकरत होता. मला वाटलं आता सर काहीतरी बोलणार, आणि सर बोललेच. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कर्केला काय दिलंय?"

अंक पर्समध्येच होता. कर्केला जूनपर्यंत वादविवाद टाळावेत असं होतं, ते ऐकून सर काकांकडे बघून सूचक हसले. काकांची वृश्चिक, त्यांना 'रखडलेली कामे मार्गी लागतील', म्हणजे अब्दाली येणार बहुतेक. बी विंगच्या काकू ज्ञानेश्वरी मांडीवरून बाजूच्या खुर्चीवर ठेवून पुढे सरकल्या. आयटीतला मुलगा म्हणाला माझा यावर विश्वास नाही, आणि मग कानातलं काढून हळूच म्हणाला, मिथुन. बाराही राशी झाल्या, मग प्रत्येकाच्या मुलांच्या, सुनांच्या, न जमलेल्या लग्नांच्या, आणि कट्टा जो साडेसहाला संपतो तो आठ वाजता पंप बंद करायला वॉचमन आला तेव्हा उठला. तीन मिनिटांचं बंधन कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर सेक्रेटरींच्या अक्षरात इतिवृत्त लागलं. 'सभेत दिवाळी अंकांच्या परंपरेवर सखोल चर्चा झाली. सर्व सभासदांनी हिरिरीने भाग घेतला. पुढील सभेस येताना प्रत्येकाने जन्मवेळ सोबत आणावी.'